मूळपुरुष साळकर, राहणार सुरंगीखाली

आमच्या खाजणवाडीत जमीन कोणाची हे कोणी विचारीत नाही, आणि कोणी विचारलंच तर खरं सांगत नाही. यात लपवाछपवी नसून धर्म आहे. जागेला मालक असतो, तो जागेतच असतो आणि त्याचे कान शाबूत असतात, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. त्याच्या देखत ‘ही माझी जमीन’ असं म्हणणाऱ्याची म्हैस आटते, नाहीतर मुंबईचा मुलगा मनीऑर्डर धाडायचा थांबतो. म्हणून साळकरांच्या भावकीतला कोणीही शहाणा माणूस आपल्या भाताच्या कुणग्यात उभा राहून एकच उत्तर देतो, "आमची खंयची? मूळपुरुषाची."

मूळपुरुष म्हणजे साळकरांचा आद्य पूर्वज. तो सुरंगीच्या झाडाखाली दगडाच्या रूपाने उभा आहे. उंचीने कमरेएवढा. पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढल्यामुळे त्याला नाक-डोळे असे काही उरलेले नव्हते, पण अंगाने तो चांगला भरला होता. भात कापून झालं की त्याला एक कोंबडा, एक नारळ आणि वडे देण्याचा रिवाज आहे. आम्ही त्याला देतो आणि तो आम्हाला देतो, असा तो व्यवहार आहे.

छप्पन साली सरकारी मोजणी आली. मोजणीदार घाटावरचा, सरळ मनाचा आणि कामाला वाघ होता. मी त्या वेळी हजर होतो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावात जिथे कागद असेल तिथे मी हजर असतो. मोजणीदार साखळी टाकत सुरंगीजवळ पोचला तेव्हा तुळसा तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत होती. तुळसा म्हणजे आमच्या भावकीतल्या गंगारामची बायको. गंगाराम गलबतावर खलाशी होता. गलबत कारवारकडे गेलं ते गेलंच. त्यानंतर सुरंगीजवळचे ते चार कुणगे आणि त्यांच्या कडेचं दोन खोल्यांचं घर तुळसाच सांभाळत होती.

"बाई, जमीन कोणाची?" मोजणीदाराने विचारलं.

तुळसाने एकवार सुरंगीकडे पाहिलं. दगड हाताच्या अंतरावर होता. "आमची खंयची? मूळपुरुषाची."

"मूळपुरुष साळकर का?"

"होय. साळकरच."

"राहतात कुठे?"

"थंय काय! सुरंगेखाली."

"वय?"

"लय म्हातारो."

मोजणीदाराने मान डोलावली आणि कब्जेदाराच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मूळपुरुष साळकर, रा. सुरंगीखाली, वृद्ध.’ मग त्याने तो मजकूर मला वाचून दाखवला. मी शुद्धलेखन तपासलं. चूक नव्हती.

पुढच्या साली कुळकायदा आला. कसेल त्याची जमीन, असं सरकारने जाहीर केलं. तलाठी भाऊसाहेब तुळसाच्या अंगणात येऊन म्हणाले, "तुळसाबाई, मूळपुरुष मालक, कसता तुम्ही. म्हणजे तुम्ही त्यांचं कूळ. तुमचं नाव लागेल. फक्त मालकांना रीतसर नोटीस गेली पाहिजे."

नोटीस गेली. कोतवालाने ती शिजवलेल्या भाताची खळ करून मालकांच्या कपाळावर चिकटवली. कचेरीची प्रतही त्याने चुकून आधी तिथेच टेकवली, त्यामुळे तिच्यावर शेंदराचा लालभडक ठसा उमटला. सुनावणीच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकुनाने ती प्रत उजेडात धरून पाहिली.

"मालक सही करीत नाहीत वाटतं?"

"नाय साहेब," कोतवाल म्हणाला.

"अंगठा ठळक आहे. नोटीस पोचली," असं म्हणून कारकुनाने खूण केली. मग तो तुळसाकडे वळला. "मालकांना खंड काय देता?"

"वर्साक एक कोंबो, नारळ आणि वडे."

"मालक तो स्वीकारतात?"

तुळसाने विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "ठेवलेलो कोंबो उरणा नाय," ती म्हणाली.

ही गोष्ट खरी होती. तो आम्ही खात होतो. ‘खंड वस्तुरूपाने नियमित पोचतो,’ असं कारकुनाने लिहिलं आणि हुकमासाठी पुढची तारीख दिली.

कचेरीतून बाहेर पडल्यावर तुळसा जवळजवळ धावतच बाजारातून निघाली. एरवी ती पायाखाली बघून चालायची. त्या दिवशी ती एकदा थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "दाजीनू, माझा नाव लागतला? कागदार? माझा?"

"लागेल असं दिसतंय गो," मी म्हणालो.

तिचा तो चेहरा मला पाहवेना. भावकीतल्या एखाद्याचं भलं होताना दिसलं की भावकीतल्या माणसाच्या पोटात जे होतं, ते माझ्या पोटात झालं. मी घरी आलो, पेज जेवलो आणि मुंबईला पत्र टाकलं.

मुंबईत आमचं ‘साळकर कुलोत्कर्ष मंडळ’ आहे. त्याचे अध्यक्ष बाबू साळकर हे एका कंपनीत हेडक्लार्क होते. खाजणवाडी त्यांना वर्षभर आठवत नसे, पण पत्र मिळताच त्यांना ती इतकी आठवली, की ते मिळेल त्या बोटीने मालवण बंदरात उतरले. अंगात कोट आणि हातात छत्री. शिरस्त्याप्रमाणे आधी ते मूळपुरुषाच्या पाया पडले आणि मग तडक कचेरीत आले.

"ही जमीन मूळपुरुषाची आहे," बाबूंनी सांगितलं. "आणि मूळपुरुष आमचा आहे. आम्ही त्याचे वारस आहोत. मध्येच कोणा परघरच्या बाईचं नाव कसं लागतं?"

अव्वल कारकुनाने शांतपणे विचारलं, "मालक मयत आहेत?"

"अर्थात! तीनशे वर्षं झाली."

"मग दाखला आणा. जन्म कधी, मृत्यू कधी, पूर्ण नाव काय, हुद्दा काय, मुलं किती. वंशवृक्ष जोडा. कचेरी ऐकीव गोष्टींवर कोणाला मारीत नाही."

अशा तऱ्हेने ‘मूळपुरुष शोध समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष बाबू, कार्यवाह मी. तीनशे वर्षांत ज्याचं नावही कोणी विचारलं नव्हतं, त्या माणसाचं चरित्र आम्हाला दोन महिन्यांत हवं होतं.

सुरुवात आम्ही शास्त्रशुद्ध केली. एका तीर्थक्षेत्री आमचे कुलोपाध्ये आहेत. तिथे यात्रेला आलेल्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात. बाबूंनी मला तिकडे पाठवलं. उपाध्यांनी लाल कापडातलं बाड सोडलं आणि बोट फिरवत फिरवत एका जुन्या पानावर थांबले. आमच्या गावचा एक साळकर तिथे येऊन गेला होता. व्यवसायाच्या जागी ‘चुना वाहणे’ असं होतं, आणि पुढे बारीक अक्षरात ‘लाडू अधिक खाल्ले, दक्षिणा पुढच्या खेपेस’ असा शेरा होता. मी तो मजकूर उतरवून आणला. समितीने तो वाचून एकमताने ठरवलं, की हे बाड विश्वसनीय नाही.

मग बाबूंनी मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याचा विषय काढला. "दाजी, आपलं गाव कुठे आहे? किल्ल्याच्या टप्प्यात. मग आपला पूर्वज कोण असणार? आरमारातला सरदार!"

मालवणच्या किनाऱ्यावर ज्या घरातून किल्ला दिसतो, त्या प्रत्येक घराचा पूर्वज आरमारात सरदार होता. मी स्वतः पाच गावं हिंडून चौकशी केली आहे. ज्याच्या पणज्याने मासे सुकवले, चुना मळला किंवा दगड वाहिला, असं एकही घराणं मला भेटलं नाही. त्यावरून किल्ला सरदारांनी नुसता हुकूम देऊन बांधला असावा आणि दगड आपल्या पायांनी समुद्रात चालत गेले असावेत, असं माझं मत झालं. ते मी समितीत मांडलं नाही.

पण पुरावा हवा होता, म्हणून आम्ही देवळात गेलो. आमच्याकडे माणसांना कळत नाही ते ग्रामदेवतेला विचारतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. गणपत गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "आई, साळकारांचो मूळपुरुष आरमारातलो सरदार होतो?"

डावी पाकळी पडली.

बाबू म्हणाले, "पाणी जास्त झालं. पुन्हा लाव."

पुन्हा डावीच पडली. तिसऱ्यांदाही तेच. दुपार कलली. गणपतला भूक लागली होती, पाकळ्या संपत आल्या होत्या आणि बाबूंनी दक्षिणा अजून खिशातच ठेवली होती. शेवटी गणपतने डावी पाकळी जरा अधिक दाबून बसवली आणि उजवी पडली. कौल देणं हे देवाचं काम आहे आणि विचारत राहणं हे समितीचं. आम्ही नारळ फोडला आणि घरी आलो.

चरित्र मी लिहिलं. नाव मूळोजी, कारण मूळपुरुषाला दुसरं कोणतं नाव शोभणार? सरदार मूळोजी साळकर, आरमारातले मातब्बर, फिरंग्यांशी झालेल्या समुद्रयुद्धात धारातीर्थी पडले. वंशवृक्षात मुंबई मंडळाच्या सभासदांपर्यंत सगळ्या पिढ्या बसवल्या. मधल्या पिढ्या कमी पडत होत्या, तिथे ‘यशस्वी’, ‘पराक्रमी’ अशा अर्थाची नावं घातली. हे सगळं टंकलिखित करून आम्ही कचेरीत दिलं.

अव्वल कारकुनाने ते शेवटपर्यंत वाचलं. असा वाचणारा कारकून मी पुन्हा पाहिला नाही.

"फार स्फूर्तिदायक आहे," तो म्हणाला. "पण हे तीनशे वर्षांपूर्वी समुद्रात पडले असतील, तर छप्पन साली सुरंगीखाली कोण राहत होतं? आणि सत्तावन्न साली नोटिशीवर अंगठा कोणी उठवला?"

बाबूंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"मयत इसम नोटीस घेत नाही. तेव्हा एक तर तुमचं चरित्र खोटं आहे, किंवा सरकारची मोजणी खोटी आहे. दोहोंपैकी खोटं काय असू शकतं, ते तुम्हीच सांगा."

"चरित्र!" बाबू तत्काळ म्हणाले. मोठ्या कंपनीत हेडक्लार्क उगाच करीत नाहीत.

त्या रात्री बाबू माझ्या पडवीत फेऱ्या घालत होते. पाहुण्यांसाठी केलेलं सोलकढीचं भांडं तसंच राहिलं. मूळपुरुष जिवंत, म्हणजे वारस कोणीच नाही. वारस नाही, म्हणजे जमीन कुळाची. म्हणजे तुळसाची. फिरता फिरता ते थांबले आणि म्हणाले, "दाजी, तुळसा मूळपुरुषाची कोण?"

"सून म्हणायची. कितव्या पिढीतली ते सांगता येणार नाही."

"म्हणजे घरचीच ना? घरचं माणूस घरच्या शेतात राबतं त्याला कूळ म्हणतात काय? तुझी बायको तुझं कूळ आहे काय?"

माझी बायको माजघरातून खाकरली. पण युक्तिवाद बिनतोड होता. मूळपुरुष हयात आहेत, ते जमिनीवरच राहतात, आणि घरच्या बाईकडून जमीन कसून घेतात. कूळ व्हायला तुळसा फार जवळची होती आणि वारस व्हायला फार लांबची. ज्यांना मारण्यासाठी समितीने दोन महिने घालवले, त्यांना आता जिवंत ठेवणं भाग होतं. आम्ही तसा अर्ज केला.

कचेरीने तो मान्य केला, एका अटीवर. इसम हयात असेल तर त्याची ओळख पटली पाहिजे. स्थळपाहणी होईल, पंचनामा होईल आणि अंगावरच्या खुणा नोंदवल्या जातील.

पंचनाम्याला सगळा गाव सुरंगीखाली जमला. तुळसाही आली. ती घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहून लांबूनच पाहत होती. अव्वल कारकून छत्री उघडून मूळपुरुषासमोर उभा राहिला.

"खूण काय लिहू? याला चेहराच नाही. हा शेंदूर काढा."

गाव चरकला. पण सरकारी काम होतं. गणपत गुरव पुढे झाला आणि त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा मूळपुरुषा म्हाराजा, आज सरकारी साहेब तुझी ओळख करून घेवक इलेत. तुका उघडो करतंय. काय चूकभूल झाली तर पदरात घे, आणि साहेबाचां काम सुरळीत होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. सवयीने कारकूनही म्हणाला.

गरम पाणी ओतून गणपत करवंटीने खरवडू लागला. शेंदराची खपली उतरली की तिच्याखाली दुसरी असे. आमच्या बापजाद्यांची सगळी भक्ती ढलपे होऊन खाली पडत होती. मग आतला काळा दगड लागला. आधी एक हात दिसला. हातभर काकणं होती. गणपत थबकला.

"चालू दे," कारकून म्हणाला.

मग मानेवरचा अंबाडा दिसला. दुसऱ्या हातात कोयती होती. कमरेवर एक मूल बसलेलं होतं आणि त्याने तिच्या पदराचा शेव मुठीत धरला होता. गुडघ्यांपर्यंत नेसू वर खोचलेलं होतं, चिखलात उतरताना खोचतात तसं.

तीनशे वर्षं आम्ही जिला मूळपुरुष म्हणून हात जोडले, ती शेतात उतरायच्या बेतात असलेली बाई होती.

पहिला आवाज तुळसाचा आला. ती खळ्यातून कधी पुढे आली ते मला कळलं नाही. "बाय गे माझे," ती म्हणाली आणि तिने त्या दगडाच्या गालावरचं पाणी पदराने पुसलं. "तू होतंस हयसर? इतकी वर्सां?" तिला रडू येत होतं आणि ती हसतही होती. मी सुरंगीच्या शेंड्याकडे पाहून खोकलो.

बाबू सगळ्यांत आधी सावरले. "साहेब, ते कमरेवरचं मूल पाहा! तेच मूळपुरुष. बाई त्यांना सांभाळायला ठेवलेली असेल."

"मूल म्हणजे अज्ञान इसम," कारकून म्हणाला. "अज्ञानाला पालक लागतो. पालक ही बाईच होईल. चालेल?"

बाबूंनी ते मूल सोडून दिलं.

कारकून पुढे म्हणाला, "मोजणीत पुरुष आहे. इथे स्त्री आहे. म्हणजे मोजणीतला इसम या जागेवर नाही. नोंद रद्द होईल आणि मग कब्जा कसणाऱ्याचा, म्हणजे या बाईंचा. शिवाय तुमचं घराणं बाईपासून सुरू झालं असेल, तर नव्या वारसा कायद्याने लेकीबाळींचं काय, हेही पाहावं लागेल." त्याने आभाळाकडे पाहिलं. "आज उशीर झाला. आठ दिवसांनी येतो. तेव्हा जे दिसेल ते लिहीन."

मला त्या क्षणी माझ्या तिन्ही बहिणी एकदम आठवल्या. एक तारकर्लीला, एक खारेपाटणला, एक मालवणात. भाऊबीजेलाही मला त्या इतक्या स्पष्ट आठवत नाहीत. आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्याच पुरुषांना आपापल्या बहिणी आठवत होत्या.

सभा तिथेच सुरंगीखाली भरली. कोणी तरी विचारलं, नोंद दुरुस्त करता येणार नाही का? तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज जिल्ह्याला जातो. तो परत येईपर्यंत आपण सगळेच मूळपुरुष होऊ." त्या मानाने दगड दुरुस्त करणं सोपं होतं.

दुसऱ्याच दिवसापासून शेंदूर चढू लागला. जे साळकर सणालाही तेलाचा थेंब मोजून टाकायचे, त्यांनी घरातले डबे आणून ओतले. काकणं बुजली, अंबाडा बुजला, मूल बुजलं. कोयती काही केल्या बुजेना, तेव्हा तिला तलवार म्हणायचं ठरलं. बाबूंनी मुंबईला तार केली आणि सातव्या दिवशीच्या बोटीने लाकडी पेटीतून मंडळाची भेट आली. टपोरे चांदीचे डोळे आणि झुपकेदार चांदीच्या मिशा. गणपतने त्या मेणाने बसवल्या.

आठव्या दिवशी कारकून आला. त्याने मूळपुरुषाकडे पाहिलं. मूळपुरुषानेही त्याच्याकडे पाहिलं, कारण आता डोळे होते.

"पंचांना विचारतो. हे इसम पुरुष आहेत?"

"होय," बाबू म्हणाले. "होय," मी म्हणालो. गणपत गुरव म्हणाला, "मिशयो आसत, साहेब." बाकीच्यांनी माना हलवल्या.

तुळसा पुढे आली. "तुमी सगळ्यांनी बघलास," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "गणपतमामा, तुमी ह्या हातान खरवडलास. दाजीनू, तुमचा चष्मो होतो. तुमी बघलास काय नाय?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. तो स्वच्छच होता.

"साहेब, तुमीय बघलास."

"बाई, मी आठ दिवसांपूर्वी पाहिलं ते लिहिलं नव्हतं," कारकून म्हणाला. बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "आणि आज जे लिहितोय ते दिसतंय." त्याने लिहिलं: ‘इसम पुरुष. हयात. शरीराने सुदृढ. मिशा झुपकेदार, चांदीच्या.’ आम्ही सह्या केल्या.

हुकूम महिन्याभरात आला. मूळपुरुष साळकर हयात असून जमीन स्वतः कसतात. तुळसा ही कुटुंबातील स्त्री असल्याने कूळ नव्हे. मालक वृद्ध असल्याने व्यवस्था समितीने पाहावी. समितीने पहिल्याच बैठकीत ठरवलं, की तुळसाने राहत्या घरात मूळपुरुषाच्या मर्जीने राहावं आणि भात समितीकडे जमा करावं. तिच्या पोटापुरतं तिला मिळेल, अशी तरतूदही आम्ही केली. आम्ही काही कसाई नाही.

तुळसा गेली. भांडली नाही की कोणाच्या दारात येऊन रडली नाही. एका सकाळी तिने बोचकं बांधलं, घराला कडी घातली आणि सुरंगीखाली थांबली. मी पाणंदीतून येत होतो म्हणून मला ऐकू आलं. ती दगडाला म्हणत होती, "बाय गे, तुका मिशयो लायल्यानी आणि माका भायर काढल्यानी. तू तरी आता खंय जातलंस? तू ऱ्हव. मी जातंय." मग ती पाणंदीने माझ्या अंगावरून गेली. मी म्हणालो, "खंय चललंस गो?" ती पायाखाली बघत पुढे गेली.

त्यानंतर मूळोजी साळकरांची जयंती थाटात झाली. बाबूंनी भाषण केलं. वंशवृक्ष छापून घरोघरी वाटला. तो फार देखणा आहे. खोडापासून शेंड्यापर्यंत त्यात सगळे पुरुष आहेत. तीनशे वर्षं साळकरांच्या पुरुषांनी पुरुषांनाच जन्म दिला, आणि कोणी कधी आजारीसुद्धा पडलं नाही, असं त्यावरून दिसतं. मी माझी प्रत काचेत बसवून ओटीवर लावली आहे.

घोटाळा पुढच्या हंगामात झाला. जमीन पडीक राहिली. मूळपुरुष स्वतः कसतात असा सरकारी हुकूम होता, पण त्यांनी जागचं हलायचं नाव काढलं नाही. समितीतल्या कोणाला तरवा लावता येत नव्हता, आणि गावातल्या बायका आपापल्या कुणग्यांत गुंतल्या होत्या. बाबूंनी मुंबईहून ‘प्रयत्न करावा’ असं पत्र पाठवलं. मग कचेरीची नोटीस आली: जमीन सलग पडीक आढळल्यास सरकारजमा का करू नये?

तातडीची बैठक झाली आणि एकच मार्ग निघाला. तुळसाला शोधून परत आणायची. मजुरी द्यायची, वाटल्यास चांगली द्यायची. शोधाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शोधकार्याचा अनुभव मलाच होता.

मी बायकोला विचारलं, "तुळसाचं माहेर कुठलं गो?"

"माका काय म्हायत?" ती म्हणाली. "तुमच्यात कोण कोणाक विचारता?"

मी भावकीतल्या घरोघरी गेलो. कोणी म्हणालं नदीपलीकडचं, कोणी म्हणालं वरच्या अंगाचं. गंगारामच्या लग्नात मी स्वतः जेवलो होतो. वडे उत्तम झाले होते. मुलीचा बाप कोण, हे आठवेना. गणपत गुरव म्हणाला, "दाजीनू, तुळसा ह्यां नाव आमी लग्नात ठेवललां. पयलां नाव वेगळां होतां." ते कोणतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तारकर्लीत मी बहिणीकडे चौकशी केली. ती म्हणाली, "तुळसा नावाच्या धा बायको आसत हय. तुका खंयची होयी?" मला सांगता येईना. उंची मध्यम, रंग सावळा, शेतात राबणारी. ही खूण त्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही बाईला लागू पडते. शेवटी मी वंशवृक्ष उघडून बसलो. गंगारामच्या फांदीवर गंगाराम एकटाच होता. ज्या समितीने तीनशे वर्षांपूर्वीचा पुरुष हुडकून त्याच्या मिशांपर्यंत माहिती गोळा केली, तिला गेल्या वर्षी गावातून चालत गेलेल्या बाईचं नाव सापडलं नाही.

जमीन सरकारजमा झाली. आता तिथे गवत आहे.

इथवर वाचून तुम्ही आम्हाला हसला असाल. हसायला हरकत नाही. तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्या घरी दगडाला मिशा लावीत नाहीत. तुमच्या भिंतीवर पणजोबांचा फोटो असेल. त्यांचं नाव, हुद्दा, कोणत्या साली कुठे बदली झाली, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. ते मला सांगू नका. तुमच्या पणजीचं नाव सांगा. लग्नात तुम्ही ठेवलेलं नको. तिच्या आईने ठेवलेलं सांगा.

मी थांबतो. घाई नाही.